वेबच्या पानाचें स्थित्यंतर

वेब-अ‍ॅप रचण्याची विद्या ज्याला नव्यानें शिकावयाची आहे, त्याच्यापुढें पहिला पाठ म्हणून बहुधा कामांची एक यादी ठेवण्यांत येते. वर एक चौकोन. त्यांत काम लिहावें, तें खालच्या यादींत जाऊन बसावें. काम झालें कीं त्यापुढें खूण करावी, आणि किती कामें उरलीं तो आंकडा तळाशीं दिसावा. एवढेंच. ‘टूडू-एमव्हीसी’ नांवाच्या प्रकल्पांत तर हीच यादी निरनिराळ्या फ्रेमवर्कांत पुनः पुनः रचून त्यांची तुलना करण्यांत आली आहे. फ्रेमवर्क म्हणजे अ‍ॅपच्या दर्शनी भागाचा आयता सांगाडा. परंतु वाण्याच्या चिठ्ठीहून मोठी नसलेली ही यादी लिहिण्यास सांगाडा हवा कशाला, अशी शंका नवशिक्यास येते, आणि ती रास्त आहे. तिचें उत्तर इतिहासांत आहे.

जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर तयार केला. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही सारी सामग्री जगाला विनामूल्य खुली केली. त्या काळचें वेबचें पान छापील पानासारखें स्थिर होतें. कांहीं बदल हवा असल्यास दूरच्या सर्व्हरकडून सबंध नवें पान मागवावें लागे. १९९५ च्या मे महिन्यांत नेटस्केप कंपनींतील ब्रेंडन आइक यांनीं अवघ्या दहा दिवसांत एका भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तीच पुढें जावास्क्रिप्ट या नांवानें प्रसिद्ध झाली. तिच्या योगानें पान वाचकाच्या समोरच हालूं लागलें. १९९९ सालीं मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरांत, पान न बदलतां पडद्याआडून माहिती आणविण्याची सोय आली. तिचें सामर्थ्य लोकांच्या ध्यानांत आलें तें २००४ मधील जीमेल व २००५ मधील गूगल मॅप्स पाहून. जें केवळ वाचावयाचें होतें, तें आतां काम करण्याचें साधन झालें.

येथूनच अडचणीस प्रारंभ झाला. व्यापाऱ्याच्या पेढीवर एकच व्यवहार रोजकीर्दींत लिहावा लागतो आणि खतावणींतही उतरवावा लागतो. एके ठिकाणीं चुकला कीं ताळा जमत नाहीं. पडद्याची गत तशीच आहे. यादींतील एका कामापुढें खूण केली कीं त्या ओळीवर रेघ पडली पाहिजे, उरलेल्या कामांचा आंकडा एकानें घटला पाहिजे, आणि झालेलीं कामें पुसण्याचें बटण प्रकट झालें पाहिजे. २००६ सालीं जॉन रेझिग यांच्या जेक्वेरीनें ब्राउझराब्राउझरांतील भेद सुसह्य केले. तरी ह्या प्रत्येक बदलाची आज्ञा प्रोग्रामरलाच आठवणीनें लिहावी लागे. एखादी राहिली तर यादींत कामें दोन आणि आंकडा मात्र तीन!

ह्या जाचांतून फ्रेमवर्कांचा उदय झाला. गूगलमध्यें मिश्को हेवरी यांनीं १७,००० ओळींचा एक प्रोग्राम आपल्या सांगाड्याच्या बळावर दोन आठवड्यांत नव्यानें लिहून दाखविण्याची पैज मारली. लागले तीन आठवडे. परंतु ओळी पुरल्या त्या सुमारें १,५००. हाच सांगाडा पुढें अँग्युलरजेएस म्हणून गाजला. मे २०१३ मध्यें फेसबुकनें जॉर्डन वॉक यांनीं रचलेलें रिअ‍ॅक्ट सर्वांस खुलें केलें. त्याचें सूत्र असें कीं, माहिती अमुक असतां पडदा कसा दिसावा एवढेंच प्रोग्रामरनें सांगावें. माहिती पालटली कीं जुनें व नवें चित्र ताडून, जेथें भेद असेल तेवढाच भाग बदलण्याचें काम रिअ‍ॅक्ट करील. प्रथम पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पुढें तीच रीत झाली. फेब्रुवारी २०१४ मध्यें इव्हान यू यांचें व्ह्यू त्यांत येऊन मिळालें. म्हणजे कीर्द एकच ठेवावी आणि खतावणी तिच्यावरून आपोआप उतरावी, हा ह्या साऱ्यांचा अर्थ होय.

परंतु सांगाडेही मर्त्य आहेत. सप्टेंबर २०१६ मध्यें आलेलें नवें अँग्युलर जुन्याशीं जुळणारें नव्हतें, आणि जुन्याचा सांभाळ २०२२ च्या आरंभीं थांबला. ज्यांनीं त्यावर घरें बांधलीं होतीं, त्यांना तीं पुन्हां बांधावीं लागलीं, अथवा निराधार पायावर राहावें लागलें. उलटपक्षीं, सर्ननें आपल्या आरंभींच्या पानांची १९९२ मधील प्रत २०१३ सालीं मूळ पत्त्यावर पुन्हां ठेविली. ती आजच्या ब्राउझरांतही उघडते.

म्हणून नवशिक्यास एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, ती लहानशी यादी त्यानें प्रथम साध्या जावास्क्रिप्टमध्यें, सांगाड्यावांचून, लिहून पाहावी. आंकडा एकदां चुकेल, रेघ एकदां पडावयाची राहील. मग तीच यादी फ्रेमवर्कांत लिहावी. आपल्या खांद्यावरील कोणतें ओझें त्यानें उचललें, हें त्याला तेव्हां कळेल. आणि उद्यां तें फ्रेमवर्क मावळलें, तरी हें कळलेलें त्याच्यापाशीं राहील.