तापानंतर वास-चव गेली? घाबरू नका, पण गॅस, फवारणी आणि शिळ्या अन्नाला जपा

विशेष माहिती | आरोग्य

ताप उतरतो, अंगदुखी थांबते, पण भाजीला चव लागत नाही आणि उदबत्ती नाकाशी धरली तरी वास येत नाही. कोरोनाच्या काळात ही तक्रार घरोघरी ऐकू आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून २०२० मध्ये वास किंवा चव जाणे हे कोरोनाच्या लक्षणांच्या यादीत घेतले. मात्र हे लक्षण एकट्या कोरोनाचे नाही. साधी सर्दी, फ्लू अशा विषाणूंच्या आजारातही असे होते. हवा बदलली की गावात सर्दी-तापाचे पेशंट वाढतात, म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

वास जातो कसा?

नाकाच्या आत अगदी वरच्या बाजूला वास ओळखणाऱ्या पेशींचा पातळ पापुद्रा असतो. साध्या सर्दीत नाक चोंदते, हवा तिथपर्यंत पोचतच नाही. नाक मोकळे झाले की वास परत येतो.

कोरोनात बऱ्याच जणांचे नाक मोकळे असूनही वास गेला. कारण हा विषाणू मुख्यतः वास ओळखणाऱ्या पेशींवर नाही, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. मांडव पडला की वेल खाली येते, पण मुळापासून मरत नाही, तसेच हे. शरीर या पेशी पुन्हा तयार करते, म्हणून बहुतेकांचा वास परत येतो.

मग चव का जाते?

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि रश्श्यात किंवा पिकल्या टोमॅटोत लागते ती उमामी एवढ्याच चवी कळतात. बाकी सगळा स्वाद म्हणजे घास चावताना घशामागून नाकात जाणारा वास. वास गेला की आमटी नुसती खारट आणि चहा नुसता गोड पाणी लागतो. कोरोनात काहींची जिभेची चवही खरोखर गेली होती.

तिखट ही चव नाही, ते झोंबणे आहे. ते वेगळ्या नसेतून कळते. त्यामुळे ठेचा झोंबतो, पण लसणाचा स्वाद लागत नाही. बाम किंवा कापराचा झणकाही असाच कळतो. तेवढ्यावरून वास येतोय असे समजू नका. घरी तपासायचे तर डोळे मिटून बसा आणि दुसऱ्याला चहा पावडर, लसूण, कोथिंबीर एकेक करून नाकाशी धरायला सांगा. ओळखता येतेय का बघा.

खरा धोका इथे आहे

वास हा आपला राखणदार आहे. तो नसेल तर या गोष्टींना जपा:

- गॅस : सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. नाकच बंद असेल तर ते कळणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद ठेवा. सकाळी शेगडी पेटवण्याआधी वास येणाऱ्या माणसाला बघायला सांगा. गळती वाटली तर दिव्याचे बटण चालू-बंद काहीच करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर जा आणि १९०६ वर फोन करा.
- अन्न : शिळी भाजी, दूध, मटण स्वतःच्या नाकावर सोडू नका. घरातल्या दुसऱ्याला विचारा.
- फवारणी : औषधाचा वास येत नाही म्हणजे ते अंगावर येत नाही असे नाही. वास परत येईपर्यंत फवारणी दुसऱ्यावर सोपवा. बाटली वासावरून ओळखू नका, लेबल वाचा.
- मोटार आणि चाळ : स्टार्टर जळतोय, कांदा सडायला लागलाय, हे आपल्याला आधी वासावरूनच कळते. या दिवसांत चाळीत डोळ्यांनी आणि हाताने तपासा.
- मीठ-साखर : चव लागत नाही म्हणून वरून घेऊ नका. बीपी आणि शुगरच्या पेशंटला ते महागात पडते.

परत कधी येते?

बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत फरक पडतो. काहींना कित्येक महिने लागतात. मधल्या काळात काहींना उलटेच वास येतात. कांदा-लसणाची फोडणी सडकी किंवा जळकी वाटते. नसा पुन्हा सावरत असताना असे होऊ शकते. अशा वेळी स्वयंपाक बिघडला म्हणून घरातल्या बाईवर डाफरू नका.

वास रेंगाळला तर घरी एक सराव करता येतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये तो मांडला आणि आता जगभर सांगितला जातो. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास घ्यायचे. सकाळी आणि रात्री प्रत्येक वास साधारण २० सेकंद, हळू हुंगायचा आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचे. किमान तीन महिने नेमाने करायचे. नाकात तेल किंवा कुठलाही रस घालायचा नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

- ताप, खोकल्याबरोबर वास गेला तर वेगळे राहा, मास्क लावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आशाताईंनाही कळवा.
- धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले तर लगेच १०८ ला फोन.
- चेहऱ्याची एक बाजू दुखते किंवा सुजते, नाकातून काळपट किंवा रक्ताचा स्राव येतो, तर त्याच दिवशी दाखवा. शुगर असलेल्यांनी विशेषतः. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या पेशंटमध्ये हीच लक्षणे होती.
- चार आठवडे झाले तरी वास नाही, डोक्याला मार लागल्यावर वास गेला, किंवा सर्दी-ताप काही नसताना हळूहळू कमी होत गेला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

मेडिकलमधून मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या आणू नका. शुगर वाढते आणि बुरशीसारख्या आजाराला वाट मिळते. तालुक्याला जाणे जमत नसेल तर ई-संजीवनीवर मोबाईलवरून डॉक्टरांचा मोफत सल्ला मिळतो.

घरात एकाचा वास गेला असेल तर ते लपवू नका, सगळ्यांना सांगा. म्हणजे गॅस, दूध आणि औषधाचे डबे बघायचे काम दुसरा कुणीतरी उचलेल.