कथा सांगणार कोण?

जात्यावर बसलेली स्त्री आपली सुखदुःखे आपल्याच तोंडाने सांगत आली आहे. कन्नड तालुक्यातील खेड्यापाड्यांत काय किंवा कोकणपट्टीत काय, ओवीतील ‘मी’ ही बहुधा ती सासुरवाशीण स्वतःच असते. तिच्या वतीने बोलणारा दुसरा कोणी तेथे लागत नाही. मराठी कादंबरीत मात्र हा ‘मी’ स्त्रीच्या तोंडी येण्यास बराच काळ जावा लागला, आणि तो आला तेव्हा कादंबरीचे रूपच पालटले.

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. विधवांची दैना हाच तिचा विषय होय. परंतु कथेचे सूत्र ग्रंथकाराच्या हाती आहे व वाचकास उपदेश करण्याचा अधिकारही त्याचाच आहे. स्त्री येथे करुणेचा विषय झाली, निवेदक झाली नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून ही रीत मोडली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेस बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा साऱ्या स्त्रीजातीवर दोषारोपांचा भडिमार झाला. त्यास हे सडेतोड उत्तर होते. तथापि तो निबंध होता, कथा नव्हे.

१८९० साली हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. हरिभाऊंनी एक नवेच धाडस केले. सर्व कथा त्यांनी यमूच्या मुखाने सांगितली. त्यामुळे माजघरातील मुलीस जेवढे दिसावे व ऐकू यावे, तेवढेच वाचकासही दिसू लागले. पतिनिधनानंतर तिचे बळजबरीने केशवपन होते, तेव्हा वाचकास दूर उभे राहून हळहळण्याची सोय उरत नाही. जे काम व्याख्यानांनी साधले नव्हते, ते निवेदक बदलल्याने साधले.

असे असले तरी लेखणी पुरुषाचीच होती. ती स्त्रीच्या हाती येणे सोपे नव्हते. काशीबाई कानिटकर विवाहानंतर घरच्या विरोधास तोंड देत लिहावयास-वाचावयास शिकल्या. त्यांनी ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली आणि पुढे ‘पालखीचा गोंडा’ (१९२८) मध्ये स्त्रियांनी राज्यकारभार चालविल्याचे कल्पनाचित्र रंगविले. जे जगात नाही ते कथेत घडवून पाहणे, हीही एक नवी वाट होती.

खरे वादळ उठले ते १९३३ साली. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर ह्या नावाने निघाला. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु अविवाहित राहिलेल्या मुलींची मने त्यात उघडी झाली होती. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे एका कथेचे नावच मुलीच्या तोंडचा प्रश्न आहे. पुढील वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ ह्या कादंबरीतील अचला पतीने टाकलेली असूनही प्रेमाचा व मातृत्वाचा हक्क मागते. ‘विरलेले स्वप्न’ (१९३५) साठी लेखिकेने रोजनिशीचे तंत्र योजिले. कारण जे चारचौघांत उच्चारता येत नाही, ते रोजनिशीत लिहिता येते. ग्रंथांवर संतप्त टीका झाली आणि ही विभावरी कोण, ह्याचा शोध सुरू झाला.

त्या होत्या पुण्याच्या शाळेत शिकविणाऱ्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. विभावरी म्हणजे रात्र. सत्य सांगावयाचे तर नाव अंधारात ठेवावे लागे, ही त्या काळाची अट होती. यमूला वाणी मिळाली ती पुरुषाच्या लेखणीतून. मालतीबाईंना लेखणी मिळाली, पण स्वतःच्या नावाने लिहिण्याची मोकळीक मिळाली नाही.

ती मोकळीक पुढील पिढ्यांनी घेतली. कमल देसाई यांच्या ‘काळा सूर्य’ व ‘हॅट घालणारी बाई’ ह्या लघुकादंबऱ्या १९७५ साली एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्यांत वास्तव व कल्पित ह्यांची सीमाच पुसली गेली आहे, आणि त्यावर नाव लेखिकेचे स्वतःचे आहे. त्याच वर्षी स. गं. मालशे यांनी ताराबाईंचे विस्मृतीत गेलेले पुस्तक पुन्हा छापून वाचकांपुढे आणले.

कथनाची नवी रीत ही केवळ कारागिरी नव्हे, हे ह्या इतिहासावरून ध्यानी येते. जुन्या साच्यात जे सत्य मावत नाही, त्यासाठी नवा साचा घडवावा लागतो. आणि तो घडविणाऱ्यास त्याचे मोल द्यावे लागते. मराठी लेखिकांनी ते दिले आहे.