घरपट्टी, जकात आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक : बुलडाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

नगरपालिकेचे अंदाजपत्रक म्हणजे वरकरणी जमाखर्चाच्या आकड्यांचे कोष्टक होय. परंतु शहराचा खर्च कोणी सोसावयाचा आणि तो कोणाच्या संमतीने करावयाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यात सामावलेली असतात. बुलडाणा जिल्ह्यात बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा, जळगाव जामोद, खामगाव, लोणार, मलकापूर, मेहकर, नांदुरा, शेगाव व सिंदखेड राजा अशा अकरा नगरपरिषदा आहेत. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडले जाते तेव्हा घरपट्टी वाढणार की नाही, एवढ्यापुरतीच चर्चा मर्यादित राहते. घरपट्टीच्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. खामगाव, शेगाव व बुलडाणा या तीन शहरांच्या आधारे त्याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

वऱ्हाडातील नगरपालिकांचा उदय :

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला महत्त्व आले. खामगाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. 1905 च्या पुनर्रचनेत ते बुलडाणा जिल्ह्यात समाविष्ट झाले. कापसाच्या पेठेमुळे भरभराटीस आलेल्या या गावात 1867 मध्ये नगरपालिका स्थापन झाली. जलंब स्थानकापासून खामगावपर्यंतचा लोहमार्ग मार्च 1870 मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला.

याच लॉर्ड मेयो यांनी 14 डिसेंबर 1870 रोजी आर्थिक विकेंद्रीकरणाचा प्रसिद्ध ठराव केला. शिक्षण, आरोग्य व स्थानिक बांधकामे यांवरील पैशाचा विनियोग नीट व्हावयाचा तर त्यावर स्थानिक लोकांची देखरेख असावी, असा विचार त्यात मांडलेला होता. पुढे 1882 मध्ये लॉर्ड रिपन यांनी या विचाराला स्थानिक स्वराज्याचे रूप दिले. शेगावची नगरपालिका 1881 मधील आहे. 1886 मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र नगरपालिका कायदा करण्यात आला. या घडामोडींत एक विसंगती मात्र स्पष्ट दिसते. सरकारच्या तिजोरीवरील भार हलका करणे हा विकेंद्रीकरणाचा एक हेतू होता. त्यामुळे स्थानिक जनतेच्या वाट्याला अधिकार हप्त्याहप्त्याने आले, कर मात्र आधी आले.

1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. 1922 च्या मध्यप्रांत नगरपालिका अधिनियमाखाली पुढील काळातील कारभार चालला. 1956 मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, तरी विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र यांचे नगरपालिका कायदे वेगवेगळेच राहिले. ही भिन्नता महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, 1965 ने संपुष्टात आणली.

घरपट्टीची रचना :

1965 च्या अधिनियमाने एकत्रित मालमत्ता कर आणि जकात हे दोन प्रमुख कर सक्तीचे केले. मालमत्ता कराचा पाया म्हणजे करयोग्य मूल्य होय. इमारतीस वाजवीपणे मिळू शकेल असे वार्षिक भाडे धरून त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजावट करावयाची असते. उदाहरणार्थ, वार्षिक भाडे 12,000 रुपये धरल्यास करयोग्य मूल्य 10,800 रुपये होते व त्यावर ठरलेल्या दराने कर बसतो. आकारणी यादी तयार झाल्यावर ती प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात व चार वर्षांतून एकदा तिची फेरतपासणी अपेक्षित असते.

सामान्य नागरिकाच्या दृष्टीने घरपट्टी वाढणे म्हणजे दर वाढणे. प्रत्यक्षात दर तोच ठेवूनही फेरमूल्यांकनाने देयक वाढू शकते. आणि फेरमूल्यांकन वर्षानुवर्षे टाळल्यास जुन्या पेठेतील वाडा व नव्या वसाहतीतील घर यांच्या आकारणीत विषमता निर्माण होते. शिवाय या देयकात शिक्षण कर व रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे करही समाविष्ट असतात. नगरपालिका ते केवळ वसूल करून देते, पण रोष मात्र तिच्याच पदरी पडतो.

तीन शहरे, तीन प्रश्न :

एकच कायदा तीन शहरांत तीन प्रकारे अनुभवास येतो. खामगाव हे व्यापारी शहर असून 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 94,191 होती. मालाची आवक जेथे मोठी, तेथे जकातीचे उत्पन्न बाजाराबरोबर वाढते. ही जकात वस्तूच्या किमतीत मिसळून जात असल्याने ती भरणाऱ्याला फारशी जाणवत नसे.

बुलडाणा हे जिल्ह्याचे मुख्यालय, परंतु शहरास रेल्वे नाही. कचेऱ्या, न्यायालये व वसाहती हेच त्याचे स्वरूप. केंद्र शासनाच्या मालमत्तांना राज्यघटनेच्या अनुच्छेद 285 नुसार स्थानिक करातून सूट आहे. रस्ते व दिवाबत्ती मात्र सर्वांनाच लागते.

शेगावचा प्रश्न आणखी वेगळा आहे. 8 सप्टेंबर 1910 रोजी श्री गजानन महाराजांनी येथे समाधी घेतली व पुढे हे गाव मोठे तीर्थक्षेत्र झाले. प्रकटदिन, रामनवमी व ऋषिपंचमी या काळात भाविकांची अलोट गर्दी होते. पाणी, सफाई व रस्ते यांची गरज या गर्दीप्रमाणे वाढते. आकारणी यादीत मात्र केवळ स्थायी मालमत्तांची नोंद असते.

जकात रद्द झाल्यानंतर :

1999 मध्ये राज्यातील नगरपालिका क्षेत्रांतील जकात रद्द करण्यात आली. नाक्यावरील खोळंबा व गैरप्रकार पाहता या निर्णयाचे व्यापाऱ्यांनी स्वागत केले. भरपाई म्हणून शासनाने सहायक अनुदान सुरू केले. परंतु जकात हे नगरपालिकेच्या हातातील उत्पन्न होते. अनुदान हे शासनाच्या हातातील देणे ठरले. शहराचा बाजार वाढला तरी त्याचा थेट लाभ नगरपालिकेस होईनासा झाला. 1993 मध्ये अंमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीतील 18 विषय नगरपालिकांसाठी निर्देशित केले असता, अवघ्या सहा वर्षांत त्यांचा मोठा स्वतंत्र कर गेला. स्वतःच्या उत्पन्नाचा मुख्य आधार म्हणून घरपट्टी उरली. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या कालखंडात मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणे व वसुलीत वाढ दाखवणे ही अनुदानाची अट केली. त्यामुळे आपल्या नागरिकांवर कर किती बसवावा, हा निर्णयही अंशतः वरूनच होऊ लागला.

अंदाजपत्रक आणि संमती :

कायद्याच्या योजनेत मुख्याधिकारी अंदाजपत्रक तयार करतो, स्थायी समिती ते तपासते व परिषद त्यास मंजुरी देते. प्रस्तावित अंदाजपत्रक या शब्दाला अर्थ आहे तो यामुळेच. 2016 च्या अखेरीस जिल्ह्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यांची मुदत संपल्यानंतर पुढील निवडणुकीसाठी डिसेंबर 2025 उजाडला. मधल्या काळात प्रशासकांचा कारभार होता. परिषदेचे व समित्यांचे अधिकार प्रशासकाकडे एकवटल्याने अंदाजपत्रक प्रस्तावित करणे व मंजूर करणे ही दोन्ही कामे प्रशासनाच्या कक्षेतच उरकली गेली. नागरिक कर भरत राहिले, परंतु त्यांच्या वतीने प्रश्न विचारणारा सदस्य सभागृहात नव्हता. लॉर्ड मेयो यांच्या ठरावातील स्थानिक देखरेखीचे तत्त्व या काळात कागदावरच राहिले.

निष्कर्ष :

1. जिल्ह्यातील नगरपालिकांच्या इतिहासात जबाबदाऱ्या सातत्याने वाढल्या. उत्पन्नाची स्वतंत्र साधने मात्र 1999 नंतर आकुंचित झाली.

2. घरपट्टी हा नागरिक व नगरपालिका यांच्यातील सर्वांत थेट दुवा होय. तिच्यात वाढ न करणे हे लोकहिताचे वाटले, तरी त्यातून अनुदानावरील अवलंबन व आकारणीतील विषमता वाढते.

3. फेरमूल्यांकन वेळेवर, हरकतींची खुली सुनावणी घेऊन होणे हे दरवाढीपेक्षा अधिक न्याय्य आहे.

4. तीर्थक्षेत्र, प्रशासकीय केंद्र व व्यापारी पेठ यांच्या गरजा भिन्न असल्याने अनुदानाचे निकष ठरविताना केवळ जनगणनेतील लोकसंख्या पुरेशी नाही.

5. कर आणि प्रतिनिधित्व यांची फारकत झाल्यास अंदाजपत्रक केवळ कार्यालयीन दस्तऐवज बनते. नव्याने निवडून आलेल्या परिषदांनी अंदाजपत्रकाच्या सभेत घरपट्टीच्या दराबरोबरच तिच्या विनियोगाचाही हिशेब मागितला, तरच स्थानिक स्वराज्य या संज्ञेतील ‘स्वराज्य’ सार्थ ठरेल.