लस, पाळी आणि न विचारलेला प्रश्न

एप्रिल २०२१. एक मेपासून भारतात १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडची लस मिळणार होती, आणि नेमका त्याच वेळी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागला: पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर मुलींनी लस घेऊ नये, कारण तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते. पीआयबीच्या फॅक्ट चेकने हा मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं, आणि ते बरोबरच होतं.

पण इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत, ते आधी वेगळे करून घ्या. पाळीमुळे लस धोक्याची ठरते का? हा एक. लसीमुळे पाळीत काही फरक पडतो का? हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं देता आलं, म्हणून दुसऱ्याचं उत्तर आपोआप मिळत नाही. या लेखात आपण दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास बघू. रिसर्चची तयारी करणाऱ्याला त्यात शिकण्यासारखं बरंच आहे.

हा प्रश्न नवा नाही. १९१३ साली ए. आर. लॅम्ब यांचा टायफॉइडच्या लसीवरचा एक पेपर अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पाळीवर होणारा परिणाम हे शब्द त्याच्या शीर्षकातच होते. लस घेतलेल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये पाळी चुकणं, लवकर किंवा उशिरा येणं, जास्त रक्तस्राव असे बदल त्यात नोंदवलेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हे विचारलं होतं. मग २०२० च्या कोविड लसींच्या मोठ्या चाचण्यांत काय झालं? शेवटची पाळी कधी आली हे विचारलं जायचं, पण ते गर्भधारणेची शक्यता तपासण्यासाठी. लस घेतल्यावर पुढची पाळी कशी आली, हे पद्धतशीरपणे कुणी नोंदवलं नाही. ताप, अंगदुखी, थकवा यांना फॉर्ममध्ये रकाने होते, पाळीला नव्हता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ केट क्लॅन्सी यांनी लसीनंतरच्या आपल्या पाळीत जाणवलेला बदल ट्विटरवर लिहिला, आणि खाली ‘मलाही’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. एप्रिलमध्ये त्यांनी आणि कॅथरीन ली यांनी ऑनलाइन सर्व्हे सुरू केला. २०२२ मध्ये तो ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये आला. ३९,१२९ जणांची उत्तरं तपासली होती. नियमित पाळी असणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांनी नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव झाल्याचं सांगितलं, ४४ टक्क्यांनी काहीच फरक नाही असं सांगितलं.

आता थांबा. ४२ टक्के हा आकडा वाचून ‘लस घेतलेल्या शंभरातल्या ४२ जणींना त्रास होतो’ असं म्हणता येईल का? अजिबात नाही. ज्यांना फरक जाणवला त्या असा सर्व्हे भरायला जास्त उत्साहाने येणार. शिवाय लस न घेतलेल्यांचा तुलनेचा गटच नव्हता. हे लेखिकांनी स्वतःच स्पष्ट लिहिलंय. मग सर्व्हेचा उपयोग काय? पाळी बंद झालेल्या स्त्रिया, गर्भनिरोधक साधनं वापरणाऱ्या स्त्रिया, हार्मोन घेणाऱ्या ट्रान्स व्यक्ती, यांनाही अनपेक्षित रक्तस्राव झाल्याचं त्यातून पुढे आलं. नेहमीच्या अभ्यासांत या लोकांना कुणी विचारतच नाही. कुठे शोधायचं ते सर्व्हेने सांगितलं. किती जणींना, ते सांगणं त्याचं काम नव्हतं.

‘किती’साठी वेगळं डिझाइन लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच संस्थेने या विषयासाठी पाच संस्थांना मिळून १६.७ लाख डॉलर दिले. त्यातल्या ओरेगॉनच्या ॲलिसन एडेलमन यांच्या गटाने पाळीची नोंद ठेवणाऱ्या एका ॲपचा डेटा वापरला. यातली गंमत लक्षात घ्या: नोंदी लसीच्या आधीपासून चालू होत्या, त्यामुळे नंतर आठवून सांगण्याचा दोष टळला. जानेवारी २०२२ च्या पेपरमध्ये ३,९५९ जणी होत्या, त्यातल्या १,५५६ लस न घेतलेल्या. निष्कर्ष असा की पाळीचं चक्र सरासरी एका दिवसापेक्षाही कमी लांबलं, आणि रक्तस्रावाचे दिवस बदलले नाहीत.

एवढ्यावर ‘काही होत नाही’ अशी हेडलाइन करता आली असती. पण त्याच पेपरमध्ये आणखी एक आकडा आहे. एकाच चक्रात दोन्ही डोस घेतलेल्या ३५८ जणींपैकी १०.६ टक्के जणींचं चक्र आठ किंवा जास्त दिवसांनी बदललं. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ४.३ टक्के होतं. म्हणजे सरासरीच्या पोटात अशाही बायका होत्या ज्यांची पाळी आठवडाभर पुढे गेली. ‘सरासरी एक दिवस’ ऐकून त्यांना आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही असं वाटलं, तर त्यात नवल नाही. दिलासा देणारी गोष्ट ही की हा बदल तात्पुरता होता आणि पुढच्या चक्रांत तो बहुतेक ओसरला. बॉस्टन विद्यापीठाच्या २,१२६ जोडप्यांच्या अभ्यासात लसीचा गर्भधारणेच्या शक्यतेवर परिणाम दिसला नाही.

आणि या ॲपच्या अभ्यासाची मर्यादा? चक्र किती दिवसांचं हे ॲप मोजतं, रक्तस्राव किती जड हे त्यात नीट येत नाही. तक्रार मात्र मुख्यतः जास्त रक्तस्रावाची होती! ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेच्या समितीने फायझर आणि मॉडर्नाच्या लसींच्या माहितीपत्रकात जास्त रक्तस्राव हा दुष्परिणाम म्हणून घालायची शिफारस केली, वारंवारता ‘अज्ञात’. २०२३ मध्ये स्वीडनच्या जवळजवळ ३० लाख स्त्रियांच्या नोंदींत मात्र संबंध क्षीण आणि विसंगत निघाला. विरोधाभास वाटतो ना? पण स्वीडनने मोजल्या डॉक्टरकडे झालेल्या नोंदी. पाळी जास्त गेली म्हणून किती जणी दवाखान्यात जातात, हे आपापल्या घरात विचारून बघा.

उलट बाजूही बघायला हवी. जपानने २०१३ मध्ये एचपीव्ही लसीची सक्रिय शिफारस थांबवली, कारण दुष्परिणामांच्या तक्रारी गाजत होत्या. पुढे नागोया शहरात सुमारे ३० हजार मुलींनी २४ लक्षणांबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं दिली, त्यात पाळीच्या तक्रारीही होत्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत लसीशी जोडता येईल असा फरक सापडला नाही. शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांत लाखो मुली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लसीशिवाय राहिल्या.

म्हणजे तक्रार ऐकून न घेणं महागात पडतं, आणि ऐकल्यावर मोजून न बघणंही. कोविडच्या वेळी चाचणीच्या फॉर्मवर पाळीचे दोन प्रश्न असते, तर मे २०२१ मध्ये लस घ्यायला निघालेल्या मुलीला सरळ सांगता आलं असतं: ‘एखादी पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते, बहुधा पुढे ती आपोआप ठीक होते, तू लस घे.’ ते उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं, म्हणून त्या जागी मेसेज शिरला.

तुम्ही प्रपोजल लिहाल तेव्हा तुमच्या प्रश्नावलीतले रकाने एकदा मोजा. मग जिच्याबद्दल तुम्ही लिहिताय तिच्यासमोर तो कागद ठेवा आणि विचारा, यात काय राहिलं?