आईची गाणी, मुलाची वही : बहिणाबाईंच्या मरणोत्तर पुस्तकात वाट काढताना

बहिणाबाई चौधरी यांनी आपले पुस्तक कधीच पाहिले नाही. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात त्यांचे निधन झाले आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाले ते १९५२ मध्ये. पाहिले असते तरी त्यांना ते वाचता आले नसते, कारण त्यांना अक्षरओळख नव्हती. खानदेशातला बहुधा सर्वांत लोकप्रिय काव्यसंग्रह असा दुहेरी अर्थाने कवयित्रीच्या हाताबाहेर घडला. त्या संग्रहात शिरताना कोणकोणत्या खुणा पाहत जावे, याविषयीचा हा धागा.

मरणोत्तर पुस्तक म्हटले की इंग्रजी कल्पितसाहित्याच्या वाचकांना टॉल्किन आठवेल. जे. आर. आर. टॉल्किन १९७३ मध्ये वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांच्या ढिगातून मुलगा ख्रिस्तोफर याने १९७७ मध्ये ‘द सिल्मरिलियन’ हे सलग, सुबक पुस्तक तयार केले. वडिलांचे मूळ लेखन मात्र इतके सलग कधीच नव्हते. पुढे ख्रिस्तोफरलाच ही सलगता खटकली आणि १९८३ ते १९९६ या काळात त्याने बारा खंडांत कच्चे खर्डे, पाठभेद, टिपणे वाचकांपुढे ठेवली. त्यामुळे आज वडिलांचे वाक्य कोठे संपते आणि मुलाची जुळणी कोठे सुरू होते, हे बऱ्याच अंशी तपासता येते.

जळगावातही संपादक मुलगाच होता. सोपानदेव चौधरी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंची काही गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या पश्चात ती आचार्य अत्रे यांच्यापुढे आली, अत्र्यांनी भारावून प्रस्तावना लिहिली आणि पुस्तक निघाले. येथे खर्डे नाहीत, कारण कवयित्रीने कागदावर काही लिहिलेच नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी गाणे म्हटले जाई. कोणी ऐकून उतरवले तर उरले, नाहीतर त्या दिवसाच्या कामाबरोबर संपले. म्हणजे वाचकाच्या हाती येतो तो एका ऐकणाऱ्याने लिहिलेला पाठ, आणि हा ऐकणारा स्वतः कवी होता.

यातून पहिली शंका सहज उभी राहते : यातले आईचे किती आणि मुलाचे किती? शंका रास्त आहे. तिच्यावर चिडण्याचे कारण नाही. पण तिचे उत्तर श्रद्धेने देण्यापेक्षा तुलनेने द्यावे. सोपानदेवांचा ‘काव्यकेतकी’ आणि आईचा संग्रह शेजारी ठेवावा. सोपानदेव प्रमाण मराठीत, त्यांच्या पिढीच्या छापील कवितेच्या वळणाने लिहितात. आईच्या गाण्यात नांगर, मोट, घरोट, तिफण ही शोभेची प्रतीके नाहीत. ती हाताला सवयीची अवजारे आहेत. प्रत्येक शब्दाची हमी या तुलनेने मिळत नाही. मात्र गाण्याचा पिंड कोणाचा, याविषयी फारसा संशय उरत नाही.

दुसरी खूण भाषेची, आणि येथे सर्वाधिक घोळ होतो. बहिणाबाईंची भाषा अहिराणी आहे, असे सर्रास सांगितले जाते. पाठांतर स्पर्धांच्या सूत्रसंचालनात तर हमखास. जळगावाहून धुळ्याकडे जाणाऱ्या कोणालाही हे विधान तपासता येईल. धुळ्याकडच्या अहिराणीत ‘माझी आई’ म्हणजे ‘मनी माय’ आणि ‘आहे’ म्हणजे ‘शे’. बहिणाबाई ‘माझी माय’ म्हणतात. त्यांची बोली जळगाव, असोदे या पट्ट्यातली, लेवा पाटीदार समाजाच्या घरांत बोलली जाणारी आहे. ‘ळ’चा ‘य’ होणे, म्हणजे जळगावचे ‘जयगाव’ आणि डोळ्याचे ‘डोया’ होणे, अहिराणीतही आढळते; गोंधळाचे एक कारण तेच असावे. खानदेश म्हणजे एकच बोली, असे बाहेरच्याने मानले तर नवल नाही. खानदेशातल्या माणसाने मात्र तसे मानू नये.

तरीही एक अडचण राहतेच. बोली उच्चारात जगते आणि देवनागरी लेखनात ती पुरती मावत नाही. कोणता उच्चार जसाच्या तसा ठेवायचा आणि कोणता पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल असा करायचा, हा निर्णय लिहून घेणाऱ्याचा. गाण्यांना दिलेल्या शीर्षकांचेही तसेच. जात्यावरच्या ओवीला शीर्षक कुठले असणार? ते पुस्तकाची गरज म्हणून येते, आणि एकदा आले की गाण्याचा अर्थ कोठून पाहायचा हेही ठरवून टाकते.

तिसरी खूण काळाची. याबाबतीत त्याच जिल्ह्यातला दुसरा कवी, धरणगावचे बालकवी ठोंबरे, अभ्यासकाला फार सोपा जातो. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. त्यांच्याही समग्र कवितेची पुस्तके इतरांनीच, त्यांच्या पश्चात सिद्ध केली. मात्र बालकवी नियतकालिकांतून छापले जाणारे कवी होते. खुद्द जळगावातून नारायण नरसिंह फडणीस ‘काव्यरत्नावली’ हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवीत होते. जुने अंक चाळून छापील कवितेचा काळ ठरवता येतो, पाठ ताडून पाहता येतो.

बहिणाबाईंच्या गाण्यांना असा बाहेरचा साक्षीदार नाही. तारीख शोधायची ती गाण्याच्या आतून. त्यांचा जन्म १८८० चा, असोद्याचा; विवाह तेराव्या वर्षी, वैधव्य तिशीच्या सुमारास. म्हणजे वैधव्याचा उल्लेख असलेले गाणे साधारण १९१० च्या आधीचे नाही, एवढे निश्चित म्हणता येते. सासुरवाशीण माहेराविषयी बोलते ते गाणे मात्र तरुणपणीचे असेलच असे नाही. साठीतली बाईही माहेर गाते. पुस्तकातला क्रम म्हणजे आयुष्याचा क्रम, असे गृहीत धरून त्यांचे चरित्र रचणाऱ्यांनी येथे सावध राहावे.

मग वाचावे कोठून? शेतीच्या गाण्यांपासून. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी या क्रमाला संपादकाच्या जुळणीचा आधार लागत नाही, तो हंगामाचाच क्रम आहे. त्यानंतर घर आणि माहेर. ‘मन’ आणि ‘संसार’ सर्वांत शेवटी, कारण ती इतकी ऐकलेली असतात की ती नव्याने ऐकू यायला आधी कान बदलावे लागतात. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटाने बहिणाबाईंची गाणी घरोघर नेली, पण चालीत बांधलेले गाणे वाचतानाही त्याच चालीत ऐकू येते. अत्र्यांची प्रस्तावनाही गाण्यांनंतरच वाचावी. ती उत्तम आहे, पण कोठे थक्क व्हायचे हे ती आधीच सांगून ठेवते.

मध्येच छापखान्यावरचे गाणे लागेल, तेथे मात्र थांबावे. छापून घेतल्याने कोरा कागद शहाणा होतो आणि माणूस होता तसाच राहतो, अशा आशयाची थट्टा एक निरक्षर स्त्री जळगावातल्या छापखान्याकडे पाहून करते. तिच्या नावाचे पुस्तक पुढे छापखान्यातूनच बाहेर यायचे होते.

मागे राहिलेले कागद सांभाळण्याची परंपरा खानदेशाला नवी नाही. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांच्या दप्तरासाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी जमवलेल्या सामग्रीतून कृ. पां. कुलकर्णी यांनी धातुकोश सिद्ध केला. त्या कोशात राजवाडे किती आणि कुलकर्णी किती, असे विचारताना कोणाला संकोच वाटत नाही. बहिणाबाईंच्या बाबतीतही तो वाटू नये.

ज्यांना प्रत्यक्ष काम करायचे आहे, त्यांनी १९५२ ची पहिली आणि १९६९ ची दुसरी आवृत्ती मिळवून समोरासमोर ठेवावी. दुसऱ्या आवृत्तीत नव्या गाण्यांची भर पडली आहे. कोणते गाणे कोणत्या आवृत्तीत आले याची साधी यादी करावी, दोन्हीकडे असलेल्या गाण्यांत एखादा शब्द वा उच्चार बदलला आहे का ते पाहावे, आणि नंतर आलेल्या गाण्यांची बोली आधीच्या गाण्यांशी ओळीगणिक जुळवून पाहावी. एका सुट्टीत होण्यासारखे हे काम आहे.