इंदापूर-बारामतीच्या कचेऱ्या व त्यांचा इमारतखर्च

सरकारी खात्यांच्या जागांचें भाडें व डागडुजी हा प्रश्न हल्लीं अंदाजपत्रकाचा समजतात. जुन्या कागदांच्या अभ्यासकानें मात्र तो दप्तराच्या रुमालांत शोधावा. पेशवाईंतील महालाच्या बेहेड्यांत मामलेदाराची नेमणूक, शिबंदी, धर्मादाय, सादिलवार अशा बाबी येतात. कचेरीचें भाडें ही कल्पनाच त्या मांडणीला परकी. जेथें ठाणें तेथें कचेरी, आणि ठाणें गढींत किंवा वाड्यांत.

इंदापुरास मालोजीराजांची गढी आहे. पुणें, सुपें, इंदापूर हे महाल पुढें शहाजीराजांच्या जहागिरींत होते. इ. स. १८१८ नंतर इंग्रजी अंमल बसला, तरी मामलेदारकचेरी पुष्कळ काळ गढीच्याच आश्रयास राहिली. याच तालुक्यांत प्रिंगलची पाहणी झाली. ती फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं नवी जमाबंदी बसविली, व तोच कित्ता मुंबई इलाख्यानें गिरविला. जमिनीचा कस आण्यांच्या हिशेबानें मोजणाऱ्या या सरकारास स्वतःच्या डोक्यावरचें छप्पर फुकट पडलें असें वाटावें, याची आम्हांस गंमत वाटते.

बारामतीची गोष्ट निराळी. कऱ्हेकांठचा भुईकोट वाडा बाबूजी नाईक जोशी यांचा. हे पेशव्यांचे सावकार व आप्त. १७४० सालीं पेशवेपदाचेच उमेदवार. कविवर्य मोरोपंतांचे आश्रयदाते. सावकाराच्या वाड्यांत पुढें सरकारी कचेऱ्या नांदल्या.

फुकटच्या जागेसही खर्च असतोच. पांढऱ्या मातीची गढी दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागते. चुना, लांकूड, गवंडी, सुतार यांचे पैसे कोठून तरी निघतात. नाना फडणिसांच्या काळीं दरकदारांची नजर खर्चावर असे. दुसऱ्या बाजीरावानें मामलती मक्त्यानें दिल्या, तेव्हां ही नजर ढिली पडली. एका सालाच्या मक्तेदारानें पुढल्या पावसाळ्याची काळजी कां करावी? मामलेदार खोट्या सुटी व खोटी हजिरी दाखवून पैसा खात, हें एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत नमूद केलेंच आहे. आमच्या मतें पडक्या भिंतींचा दोष काळाइतकाच या मक्त्यांकडे जातो.

आणि तरीही कचेरी होती म्हणून वास्तु टिकली, हेंही खरें. वापर सुटला कीं गांवकरी दगड नेतात. उलट, वापरणाऱ्यांनीं कोनाडे बुजविले, दारें फोडलीं, वर कौलें व पत्रे चढविले. मूळ बांधणी कोणती हें ओळखणें त्यामुळें कठीण झालें. येथें इमारतखर्चाची फर्द शिलालेखाइतकी उपयोगी पडते. किती खण, किती हजार विटा, कोणत्या दिंडीस नवी चौकट, हें तींतच कळतें.

संग्राहक सनदा व महजर जपतात. सादिलवाराचे हिशेब रद्दींत जातात. या दोन तालुक्यांतील देशपांडे-कुळकर्ण्यांच्या घरीं असा कागद आढळल्यास त्याची नक्कल मूळ मोडीसह मंडळाकडे पाठवावी. सुहूर सन असल्यास ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावा, पण मूळ आंकडा गाळूं नये.