उन्हाचा पोरांच्या अभ्यासावर आणि तब्येतीवर काय परिणाम होतो? जाणून घ्या

विदर्भात उन्हाळा नवीन नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. ऊन लागून माणूस आजारी पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच उन्हामुळे पोरगं अभ्यासातही मागे पडू शकतं, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. 'याचं डोकंच चालत नाही' म्हणून त्यालाच बोल लावला जातो.

शरीरात काय होतं?

आपलं शरीर आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकवून ठेवतं. बाहेर तापलं की घाम येतो, रक्त कातडीकडे जास्त वळतं, हृदयाचे ठोके वाढतात. घामासोबत पाणी आणि मीठ निघून जातं. पाणी थोडं जरी कमी पडलं तरी डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. रात्री उकाड्यानं किंवा लाईट गेल्यानं झोप झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी वाचलेलं लक्षात राहत नाही. शाळेतलं शौचालय बरोबर नसलं की बऱ्याच मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांना हा त्रास जास्त होतो.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेत बोस्टन इथं २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत ४४ तरुण विद्यार्थ्यांची तपासणी झाली. काही जण एसीच्या खोलीत राहत होते, काही बिनाएसीच्या. सकाळी उठल्यावर सोपी गणितं आणि लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा बिनाएसीवाल्यांना उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. हे सगळे धडधाकट तरुण होते.

भारतात 'असर' पाहणीतले मुलांचे गुण आणि हवामान ताडून पाहिलं गेलं. ज्या वर्षी जास्त तापलेले दिवस वाढतात, त्याच्या पुढच्या वर्षी मुलांचं गणित आणि वाचन दोन्ही घसरतं, असं दिसलं. यातला मोठा फटका पिकाच्या हंगामातल्या उष्णतेचा आहे. पीक जातं, घरात पैसा येत नाही, आणि त्याची झळ पोरांच्या शिक्षणाला बसते. जिथं रोजगार हमीची कामं मिळाली, तिथं ही घसरण कमी होती. म्हणजे घरात मजुरी आली तर पोराची पाटीही सावरते.

शाळा काय करू शकते?

उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा जूनमध्ये बाकी राज्यापेक्षा उशिरा सुरू होतात. उन्हाळ्यात शाळा सकाळपाळीत भरते. पण २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या, तेव्हा विदर्भातून विरोध झाला. वेळापत्रकाचा प्रश्न सरकारच्या हातात आहे, बाकी बरंच गावात करता येतं :

• टिनाच्या किंवा स्लॅबच्या छताला वरून पांढरा चुना मारावा. अहमदाबादच्या उष्णता आराखड्यात हाच उपाय आहे.
• आमनेसामने खिडक्या उघड्या ठेवाव्यात, समोर ग्रीन नेट बांधावी.
• गणितासारखे अवघड विषय पहिल्या तासांना घ्यावेत. खेळ, कवायत दुपारी नको.
• वर्गातच माठ ठेवावा, दर तासाला पाण्याची घंटा द्यावी.
• शाळा व्यवस्थापन समितीनं आणि ग्रामसभेनं हे विषय फेब्रुवारीतच घ्यावेत. एप्रिलमध्ये उशीर होतो.

घरी काय करावं?

पोराला उपाशी शाळेत पाठवू नका. ताक, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी द्या. डोक्याला दुपट्टा किंवा टोपी असू द्या. अभ्यास पहाटे करू द्या. जुलाब-उलट्या झाल्या आणि ओआरएसचं पाकीट नसलं तर १ लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

अंग भाजल्यासारखं गरम, असंबद्ध बोलणं, झटके किंवा बेशुद्धी, हा उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.